मनातली रेघ

पैठणीवरचे मोर रेखाटणाऱ्या विष्णुपंत वडनेऱ्यांनी कंपवात झाल्यापासून कामच सोडलं होतं. आज ते नव्या बिनतारी गेमिंग माउसचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, संगणकावर तिसऱ्यांदा बसवत होते. तो आधी मिनिटभर हाताची हालचाल टिपायचा, मग थरथर वगळून मनातली रेघ तेवढी पडद्यावर उमटवायचा. तरी रेघ वेडीवाकडीच येत होती.

त्यांच्या पत्नी सुलभाताई चहा घेऊन आल्या. "अहो, डाव्या हाताने मनगट का दाबून धरलंय?"

"हा माउस हात तपासतोय ना. बरं दिसत नाही."

"माउसपुढे कसली लाज? थरथर दाखवलीच नाही, तर तो वगळणार काय?"

त्यांनी मनगट सोडलं. मिनिटभर हात मनसोक्त हलला. पडद्यावरचा बाण मात्र शांत झाला आणि मोराची मान एका दमात उतरली.

"चोच लाल घेऊ का गं?" हात हलत असतानाच त्यांनी विचारलं.