तांबडा अंधार

अकराच्या ऑनलाइन मुलाखतीला सात मिनिटं उरली होती आणि चेतनाच्या कॉम्प्युटरवर तिच्या चेहऱ्याऐवजी नुसता तांबडा अंधार दिसत होता. जुळे सोलापुरातल्या दुकानातून आणलेला नवा वेबकॅम काल संध्याकाळी तर झकास चालला होता. तिनं वायर काढून दुसऱ्या पोर्टात घातली, सेटिंग खालीवर केलं, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. तांबडं ते तांबडंच.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "दोन वर्साचं लेकरू टाकून कसली नोकरी?" हे पालुपद महिनाभर त्यांनीच लावलं होतं. चेतनाला एकदम शंका आली.

"आई, खरं सांगा, कॅमेऱ्याला हात लावला होता का तुम्ही?"

"व्हय, लावला की सकाळी."

"आजच्या दिवशी तरी आडवं यायला नको होतं हो!" चेतनाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

सासूबाई गडबडून पुढं झाल्या.



"अगं, नवी वस्तू, त्यात तुझ्या कामाची! देवपूजा झाल्यावर त्येच्या डोळ्यालाच कुंकू लावलं, म्हटलं, माझ्या सुनंकडं मानानं बघ रे बाबा."