बिनविरोध

अर्ज मागे घ्यायला दहा मिनिटं उरली होती. तहसील कचेरीच्या व्हरांड्यात आमदारांनी माघारीचा कोरा कागद तिच्यापुढे धरला.

"सही कर, पोरी. सरपंचपदाला माझ्या लेकाविरुद्ध तू एकटीच उभी आहेस. गाव बिनविरोध होऊ दे."

तिनं कागद घेतला. "साहेब, तुमची पहिली ग्रामपंचायत आठवते? मतं सारखी पडली होती, म्हणून चिठ्ठी टाकली."

"न आठवायला काय झालं? एका शाळकरी पोरीनं माझी चिठ्ठी उचलली. तिथून जो निघालो, तो थेट विधानसभेत."

"ती पोर मीच. त्या सकाळी शाळेमागं लिमलेटची गोळी देऊन तुम्ही मला सांगितलंत, कोपरा दुमडलेली उचल."

आमदारांनी वळून पाहिलं. पत्रकार चार पावलांवर चहा पीत होते. "कुणाला बोललीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून नाही. तुम्हीच सांगू नकोस म्हणाला होतात."

तिनं कागदावर त्यांच्या लेकाचं नाव लिहिलं आणि तो परत केला. "यावर त्याची सही घ्या. गाव बिनविरोधच होऊ दे."

आमदारांनी घड्याळाकडे पाहिलं आणि लेकाला हाक मारली.