राहिलेला फ्यूज

जयंतची मुलगी इरा जन्मापासून बहिरी. गाणं तिला निदान अंगावर जाणवावं म्हणून त्याने गाडीच्या डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर स्वतः बसवले. बॅटरीपासूनची वायर कार्पेटखालून ओढली. फ्यूज मात्र ‘उद्या लावू’ म्हणून राहिला. कॉव्हेंट्रीतल्या घरासमोर उभ्या गाडीत इरा डोळे मिटून, पाठीत घुमणारे ठोके झेलत हसत होती. तेवढ्यात बायको दारातून किंचाळली, “अरे, धूर येतोय!” पत्र्याला घासून वायर सोलवटली होती, कार्पेट करपत होतं. “इरा, बाहेर ये!” तो ओरडला, आणि ओरडल्यावर त्याला भान आलं. दार उघडून तिला हिरवळीवर आणलं, धावत जाऊन बॅटरीची वायर उपटली. धूर थांबला. रागावलेल्या इराने बोटांनी विचारलं, “बंद का केलंस?” उत्तर द्यायला त्याने हात उचलले, पण ते इतके थरथरत होते, की एकही खूण जुळेना.