गिटारीवरच्या रेघा

वैजनाथनं घरीच सागवानी फळीची गिटार बनवली. दांडीवर पट्ट्या बसवणं जमेना, म्हणून बोट कुठं ठेवायचं ते कळावं यासाठी एकेक सूर जुळवत त्यानं पेन्सिलीनं आडव्या रेघा मारल्या. खाली जवळजवळ, वर लांबलांब.

गिटार भिंतीला टेकून उभी असायची. त्याची आई, पार्वतीबाई, नातीला, राणीला, गिटारीशेजारी उभं करून उंची बघायची. गेल्या पाडव्याला राणी चार रेघा वर चढली होती. यंदा जेमतेम दोन.

"लेकराची वाढ काहून खुंटली रे?"

पार्वतीबाई कोरा चहा पिऊ लागली, आपल्या चहाचं दूध राणीला देऊ लागली. डोंगरकडा गावच्या डॉक्टरांनी वाढ चांगली आहे म्हणून सांगितलं. तिला पटलं नाही.

"आई, वरच्या रेघा लांबच राहतेत. सुरासाठी तशाच लागतेत," वैजनाथ म्हणाला.

"म्हंजे लेकरू पोचू नये म्हणून तूच लांब मारल्या व्हय?"

वैजनाथ खोडरबर आणि फूटपट्टी घेऊन बसला.



आता गिटारीवर एकही गाणं सुरात वाजत नाही. राणी मात्र बराबर वाढून राहिली.