विहिरीकडचं दार

माझी बायको जहुरा हिला ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं मी ठरवलं. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून परचुरे डॉक्टरांना श्रीवर्धनला घरी आणलं.

"रहाट करकरतोय," जहुरा त्यांना म्हणाली. "सकाळधरनं थांबलेला न्हाय."

"विहिरीवरचा रहाट मोडून दोन वर्षं झाली!" मी खेकसलो. "त्याची लाकडं हिनंच चुलीत घातली. वेडी हाय म्हणून लिवा, डॉक्टर."

"वेडी म्हणू नका. हे दुखणं आहे, त्यावर उपचार होतो."

"मला उपचार नको. दाखला पायजे."

डॉक्टरांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं. "मला तर काही ऐकू येत नाही. तुम्हांला?"

"न्हाय!"

त्यांनी आणखी काहीतरी विचारलं.

"काय?"

त्यांचे ओठ पुन्हा हलले.

"जरा मोठ्यानं बोला की!" मी ओरडलो.

डॉक्टर टाक हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. जहुरा उठली आणि तिनं विहिरीकडचं दार लावून घेतलं.

तेव्हा कुठं मला डॉक्टरांचा प्रश्न ऐकू आला. जहुराच्या दाखल्याचा कागद बाजूला सारून, नवा कोरा कागद पुढ्यात ओढून ते तिसऱ्यांदा माझं नाव विचारत होते.