पाध्येबाईंचा दावा

अमेरिकेत, नेवार्कच्या फेडरल न्यायालयात न्यायाधीशांनी कालिंदी पाध्ये यांना सौम्यपणे विचारले, "आपल्या पतीचे श्राद्ध आपण करता का?"

"करते. दर वर्षी." शपथेवर त्यांना खोटे बोलवेना.

दिगंबर पाध्ये वारल्यानंतर त्यांच्या मेंदूची प्रत एका कंपनीच्या यंत्रांवर चालू राहिली होती. आज संध्याकाळी कंपनी ती यंत्रे बंद करणार होती. जिवंत माणसाची सेवा तोडता येत नाही, या कायद्याच्या आधारे कालिंदीबाईंनी दावा लावला होता. पण पत्नी स्वतःच ज्याला मृत मानते, त्याला न्यायालय जिवंत कसे म्हणणार? न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला आणि दावा फेटाळला.

बाहेरच्या बाकावर बसून कालिंदीबाईंनी फोन कानाला लावला.

"हरलो ना?" दिगंबररावांनी विचारले. "तुझ्या श्वासावरूनच कळलं."

"श्राद्धाचं विचारलं हो त्यांनी. मी हो म्हणून बसले."

"अगं वेडे! आणि मंत्र कोण सांगतं, ते सांगितलंस का?"

"ते कुणी विचारलंच नाही."

पलीकडून मोकळे हसू ऐकू आले आणि कालिंदीबाईंनाही हसू आवरेना. गावात भटजी मिळेना, म्हणून पहिल्या वर्षापासून दिगंबररावच फोनवरून आपल्या श्राद्धाचे मंत्र सांगत, बायकोचे उच्चार सुधारत आणि खिरीत वेलची घालायला बजावत.

"पुढच्या वर्षी कसं करू हो?" कालिंदीबाईंना रडू आले.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. "डोळे पूस. मी एकेक शब्द सांगतो, तू माझ्यामागून म्हण."