मांडवातली पुढची जागा

"बंद कर ते! आधी बंद कर!"

निवडायला घेतलेली सुकट सुपात तशीच टाकून रंभा पडवीत आली. तिथे तिची लेक भूमिका मोबाइल आडवा धरून बसली होती आणि मोबाइलमधून बासरी वाजत होती. एखादं सिनेमाचं गाणं वाजलं असतं तर रंभा जागची हललीही नसती. पण ती चाल धवल्याची होती. हळद लावताना धवलारणीने मांडवात उभं राहून म्हणायच्या गाण्याची! आणि पेणच्या खाडीकाठच्या त्या गावांत धवलारीण म्हणून एकटी रंभाच काय ती उरली होती.

उरली होती म्हणायचं फक्त. गेल्या वर्षीपासून तिने तोंड मिटलं होतं. रोह्याला भाच्याची हळद होती. धवल्यात पुढे उभी असलेली बाई एक ओळ उचलते आणि मागे उभ्या बायका झील धरतात, म्हणजे उत्तराची ओळ म्हणतात. रंभाच्या मागे वर्षानुवर्षं मालू उभी राहायची. ती गेली. त्या दिवशी मागे उभं राहायला एक बाई मिळेना. मग रंभा पुढची ओळही म्हणे आणि मागची झीलही तीच धरी. दम लागला, आवाज फाटला. पोरं फिदीफिदी हसली. डीजेवाल्याने "काकी, आटपा आता" म्हणत मधेच गाणं लावून टाकलं, आणि भरल्या मांडवातला एक माणूस त्याला हटकेल तर शपथ!

"झील धरनारी मागं उभी राहील तवाच हे तोंड उघडंल," रंभा तिथेच गरजली होती. "नायतर मेले तरी नाय!"

आता येत्या शनिवारी भूमिकाचीच हळद होती. थोरला मुलगा प्रविण डीजे ठरवून मोकळा झाला होता. भूमिकाने महिन्यापूर्वी एकदा विचारून बघितलं होतं, "आये, माझ्या हलदीला तरी म्हनशील ना गो?" त्यावर रंभा फणकारली होती, "झील कोन धरंल? प्रविनचा डीजे?" पोरगी दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी मोबाइल घेऊन बसायला लागली. लग्न तोंडावर आलंय, घरात कामं पडलीत आणि ही बया खेळतेय! रंभाने तेही पोटात घातलं. आज मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय हाय हे?"

"खेल हाय, आये. यात आपल्याला वाजवायला पन मिलतं. पहिली बासरी देतात. सूर बटनांवर असतात. सुरवातीला तर माझी नुसती किंचालतच होती."

"आनि दुसरं काय मिलालं नाय म्हनून माझा धवला घातलास त्या खेलन्यात?"

बासरी पुन्हा वाजली. रंभाने कान दिला आणि तिचा राग दुप्पट झाला. एक उतरती ओळ वाजत होती, मग सगळं चिडीचूप. जरा वेळाने पुन्हा उतरती ओळ, पुन्हा चिडीचूप.

"निसती झील? पुढची ओल कुठं गिललीस गो? मुंडकं छाटलंस माझ्या धवल्याचं! त्या डीजेवाल्यानं निदान तोंडावर बंद तरी केला. तू पोटची पोर असून..." डोळे भरून आले आणि डोळे भरून आले म्हणून ती आणखीच चिडली.

भूमिकाने मोबाइल आईसमोर धरला. पडद्यावर एक हिरवा मांडव होता. मांडवात चार बाहुल्या हातात बासऱ्या घेऊन एका ओळीत उभ्या होत्या. त्यातल्या एकीला चक्क शिंगं होती.

"ही शिंगंवाली प्रतिक्षा, आपल्या वरसे गावातल्या मावशीची पोर. ही जोहे गावची नंदा, गनपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. ही शीतल, नागोठन्याला कंपनीत हाय. आनि ही मी. जेवनाच्या सुट्टीत हितं जमतो. एरवी चौघी एका जागी कवा येनार? आधी बासरीवर सूर बसवला, मंग गल्यात. आनि आये, माईक चालू हाय. त्या ऐकतायत सगलं."

"ऐकू देत! मी काय कुनाला भिते?" रंभा पडद्यावर डोळे रोखून उभी राहिली. चौघी मागे, भिंतीला चिकटल्यासारख्या. मांडवाचा पुढचा भाग रिकामा. धवलारणीच्या नजरेला ते खटकल्याशिवाय कसं राहील?

"आनि पुढं कोन हाय? पुढं उचलनारी नाय तर मागं ह्या काय खांब म्हनून उभ्या हायत? ती जागा मोकली का ठेवली?"

"ती तुझी हाय, आये," भूमिका म्हणाली. "तू तुझी ओल म्हनशील, तेवढा वेल आम्ही थांबतो. शनवारी मी पाटावर असंन. पन ह्या तिघी तुझ्या मागं उभ्या राहनार."

मोबाइलमधली झील संपली. पुन्हा तेच चिडीचूप. चौघी बाहुल्या थांबून राहिल्या.

"ती शिंगंवाली बेसूर हाय," रंभा गुरकावली. तिने सुकटीचे हात लुगड्याला पुसले, पदर कमरेला खोचला आणि मोबाइलपुढे ताठ उभी राहून, रागारागातच, पुढची ओळ उचलली.